सुई टोचण्याआधीची तयारी

कंबर दुखते म्हणून आलेल्या माणसाला अ‍ॅक्युपंक्चरचा चिकित्सक विचारतो, तहान किती लागते? झोप मध्येच मोडते का? हातपाय गार पडतात? मग तो जीभ बाहेर काढायला सांगतो आणि दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी बघतो. दुखतंय कमरेत आणि चौकशी चालली आहे जिभेची, असं रुग्णाला वाटलं तर नवल नाही. पण पारंपरिक चिनी वैद्यकात निदानाचा पायाच हा आहे आणि पहिल्या भेटीतला बराच वेळ त्यातच जातो. म्हणून त्या दिवशी सकाळी दात घासावेत, जीभ मात्र खरवडू नये. जाण्याआधी कॉफी, हळदीचं दूध किंवा रंगीत गोळ्याही टाळाव्यात. जिभेचा रंग आणि तिच्यावरचा थर, दोन्ही चिकित्सकाला जसेच्या तसे बघायचे असतात.

खरी धास्ती असते सुईची. लहानपणापासून ओळखीची असते ती इंजेक्शनची सुई. ती आतून पोकळ असते, कारण तिच्यातून औषध जायचं असतं. अ‍ॅक्युपंक्चरची सुई भरीव असते आणि तिची जाडी साधारण पाव मिलिमीटर. रक्त तपासणीसाठी वापरतात ती सुई हिच्या जवळपास तिप्पट जाड भरते. बरेच चिकित्सक ती प्लॅस्टिकच्या बारीक नळीत धरून वरून बोटाने हलकी टिचकी मारतात. त्वचेत शिरताना मुंगी चावल्यासारखं वाटतं, कित्येकदा तेवढंही नाही.

जाणवतं ते त्यानंतर. सुई थोडी खोल गेली की त्या जागी जडपणा येतो, ठणकल्यासारखं होतं, झिणझिण्या येतात. चिनी परंपरेत याला ‘दे-ची’ म्हणतात आणि चिकित्सक त्याचीच वाट बघत असतो. विजेचा झटका बसावा तशी कळ गेली किंवा आग होऊ लागली, तर मात्र सोसत पडून राहू नये. लगेच सांगावं, सुई काढून किंवा सरकवून ते थांबवता येतं. आपल्याकडे दवाखान्यात गप्प राहणं ही सभ्यता मानली जाते. इथे ती सभ्यता उपयोगाची नाही.

सुया दुखऱ्या जागीच लागतात असंही नाही. डोकेदुखीसाठी अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसल भागात टोचतात, मळमळीसाठी मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटं वर. जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केलेल्या यादीत असे ३६१ बिंदू आहेत. एका वेळी त्यांतले मोजकेच वापरले जातात. मग वीस ते तीस मिनिटं निवांत पडून राहायचं असतं, आणि कित्येकांना तिथेच डुलकी लागते. काही ठिकाणी सुयांना बारीक चिमटे लावून सौम्य वीजप्रवाह देतात. काही ठिकाणी दवण्याच्या कुळातल्या एका वनस्पतीची सुकी पानं पेटवून त्या बिंदूला ऊब देतात. त्या धुराचा वास उग्र असतो. दमा असलेल्याने हे आधीच सांगून ठेवावं.

तयारीत सर्वांत महत्त्वाचं जेवण. रिकाम्या पोटी सुया टोचल्या तर काहींना घाम सुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. भरपेट जेवून पालथं पडणंही कठीण. तास-दोन तास आधी हलकं काही खाऊन जावं. चतुर्थी किंवा एकादशीचा कडक उपवास असेल तर दिवस बदलून घ्यावा. कपडे सैल हवेत, गुडघ्या-कोपरांच्या वर सहज सरकतील असे. पाठीवर उपचार असतील तर सोबत घरचं माणूस किंवा स्त्री मदतनीस असावी, असं स्त्री रुग्णाने निःसंकोच सांगावं.

काही गोष्टी लपवणं धोक्याचं आहे. रक्त पातळ ठेवणारी औषधं, गर्भारपण, फिट्स, मधुमेहामुळे बधिर झालेले पाय हे सुरुवातीलाच सांगितलं पाहिजे. पेसमेकर असेल तर वीजप्रवाहाचा उपचार टाळायचा असतो. जुने एक्स-रे, एमआरआय, चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्यावी. आणि रक्तदाबाची, साखरेची गोळी सुयांच्या भरवशावर बंद करू नये. कुणी तसं सुचवलं तर तो दवाखानाच बदलावा.

गुण किती येतो? जर्मनीत १,१६२ कंबरदुखीच्या रुग्णांवर झालेली चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनंतर पारंपरिक अ‍ॅक्युपंक्चर घेतलेल्यांपैकी ४७.६ टक्क्यांना ठरवलेल्या निकषांनुसार सुधारणा दिसली. औषधं, व्यायाम, फिजिओथेरपी अशा नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्क्यांना. पण भलत्याच जागी, वरवर सुया टोचलेल्यांतही ४४.२ टक्के सुधारले. म्हणजे जुन्या कंबरदुखीत अनेकांना आराम पडतो हे खरं, आणि नेमक्या बिंदूंवर जेवढा भर दिला जातो तेवढा पुरावा त्यामागे नाही, हेही तितकंच खरं. जुनी कंबरदुखी, मानदुखी, गुडघेदुखी, वरचेवर उठणारी डोकेदुखी, शस्त्रक्रियेनंतरची मळमळ यांसाठी हा उपचार करून बघण्याजोगा आहे. कॅन्सर किंवा मूत्रपिंडाचा विकार सुयांनी बरा करण्याची पाटी दिसली तर तिथून मागे फिरावं.

१९७१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे पत्रकार जेम्स रेस्टन यांच्या अपेंडिक्सची शस्त्रक्रिया पेकिंगमध्ये झाली. त्यांनी त्यावर लिहिल्यावर अमेरिकेत अ‍ॅक्युपंक्चरचा गाजावाजा झाला. प्रत्यक्षात शस्त्रक्रियेला नेहमीचीच भुलीची इंजेक्शनं वापरली होती. सुया आल्या त्या नंतर, पोटातल्या अस्वस्थतेसाठी. भारतात ही विद्या आणण्यात मोठा वाटा डॉ. बिजय कुमार बसूंचा. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांबरोबर १९३८ मध्ये चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकात ते होते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा तिथे जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ते सुरू केलं. महाराष्ट्रात आता या उपचारासाठी स्वतंत्र कायदा आणि परिषद आहे, तेव्हा चिकित्सकाची नोंदणी विचारण्यात संकोच नको.

सुयांचं सीलबंद पाकीट आपल्यासमोर फोडलं जातंय ना, तेही बघावं. सुई एकदाच वापरायची आणि लगेच टणक डब्यात टाकायची असते. ब्रिटनमध्ये प्रशिक्षित चिकित्सकांनी केलेल्या ३४,००० हून अधिक उपचारांची पाहणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत एकही गंभीर इजा आढळली नाही. लहानसा काळानिळा डाग, रक्ताचा थेंब, दिवसभर सुस्ती, एवढं होऊ शकतं. म्हणून पहिल्या दिवशी स्वतः दुचाकी चालवत परतू नये. छाती-पाठीत सुया घेतल्यावर धाप लागली किंवा छातीत दुखू लागलं, तर मात्र तडक रुग्णालय गाठावं. फुप्फुसाला सुई लागणं अतिशय दुर्मीळ आहे, पण अशक्य नाही.

एका बैठकीत फरक पडेलच असं नाही. अमेरिकेची सरकारी विमा योजना जुन्या कंबरदुखीसाठी ९० दिवसांत १२ बैठकांचे पैसे देते, सुधारणा दिसली तर आणखी ८, नाहीतर उपचार थांबवायचा. इथल्या रुग्णालाही हा हिशेब वापरता येईल. पहिल्याच दिवशी वीस-पंचवीस बैठकांचं पॅकेज विकत घेऊ नये. दुखणं दहापैकी किती, किती वेळ बसता येतं, रात्री किती वेळा जाग येते, हे वहीत लिहीत राहावं आणि पाच-सहा बैठकांनंतर ती वही चिकित्सकापुढे ठेवून पुढचं ठरवावं.