दोन खाड्यांच्या मधला मुलूख

नालासोपारा स्टेशनाच्या पूर्वेला उतरले की आचोळे रोड सुरू होतो. रिक्षांची रांग, भाजीवाले, शिकवणीचे वर्ग, सात मजली इमारती. या गर्दीत आचोळे हे जुने गाव शोधावे लागते. तलाव मात्र अजून आहे. पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर, पश्चिमेला रूळ आणि त्यापलीकडे सोपारा. डोंगरावर पडलेला पाऊस समुद्राकडे जाताना याच सखल पट्ट्यातून वाट काढतो. जुलै 2018 मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, लांब पल्ल्याची गाडी तासन्‌तास अडकून पडली, वसईच्या मिठागरांत शेकडो माणसे अडकली. तेव्हा अनेकांना पहिल्यांदा जाणवले की हे शहर नद्यांच्या मुखाशी वसलेले आहे.

नद्या दोन. दक्षिणेला उल्हास. ती लोणावळा-खंडाळ्याच्या डोंगरात उगम पावते, कर्जत, बदलापूर, कल्याण करत ठाण्यापाशी येते आणि घोडबंदरवरून वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. उत्तरेला वैतरणा. तिचा उगम त्र्यंबकेश्वरच्या परिसरात. वज्रेश्वरीवरून येणारी तानसा तिला मिळते आणि अर्नाळ्याच्या उत्तरेला ती समुद्रात उतरते. या दोन मुखांना आतल्या बाजूने जोडणारी सोपाऱ्याची खाडी एकेकाळी भरतीला वाहती होती. त्यामुळे वसईचा पश्चिम भाग हे खरे तर बेटच होते. ती खाडी गाळाने भरत गेली आणि बेट जमिनीला चिकटले. आज ती ठिकठिकाणी नाल्यासारखी दिसते. याच वाटेने कधीकाळी जहाजे आत येत, हे तिच्याकडे पाहून पटत नाही.

पण जहाजे येत होती. पहिल्या शतकातला ग्रीक दर्यावर्दी ‘पेरिप्लस’ या मार्गदर्शिकेत कल्याणबरोबर सोपाऱ्याचेही नाव घेतो. टॉलेमीच्या भूगोलातही ते आहे. मालाबरोबर माणसेही घाट चढत. नाणेघाटात वाटसरूंसाठी खोदलेल्या एका पोढीवर, म्हणजे पाण्याच्या टाक्यावर, ती सोपाऱ्याच्या गोविंददासाने दिल्याचे कोरलेले आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतला शिलालेख आणखी बोलका आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात त्यात सांगतो, की आपण भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शोर्पारग इथे प्रवाशांसाठी निवारे बांधले आणि डहाणूकेसह काही नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. शोर्पारग म्हणजे सोपारा. दोन हजार वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर दळणवळणाची मोठी अडचण नद्या ओलांडण्याची होती आणि पैसेवाल्यांना त्यावर खर्च करावासा वाटत होता.

सोपाऱ्याचे मोठेपण जमिनीतून वर आले ते एप्रिल 1882 मध्ये. जुनागढचे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी गावाबाहेरची एक टेकडी खणायला घेतली. लोक तिला बुरूड राजाचा कोट म्हणत. तो स्तूप निघाला. मधोमध विटांची खोली, खोलीत दगडी गोल करंडा, त्यात तांब्याचा, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, मग स्फटिकाचा आणि शेवटी सोन्याचा. सोन्याच्या डबीत सोन्याच्या फुलांसोबत मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे होते. बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून ते जपले गेले असावेत, असे मानले जाते. करंड्याभोवती बुद्धांच्या आठ मूर्ती मांडलेल्या होत्या, त्या नंतरच्या काळातल्या. जवळ सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणेही सापडले. भाटेल्या तळ्याजवळ अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा हाती आला. तब्बल चौऱ्याहत्तर वर्षांनी, 1956 मध्ये, भुईगावला नवव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. आठव्यात राजाने शिकारीच्या यात्रा सोडून धर्मयात्रा धरल्याचे सांगितले आहे. नवव्यात लोक आजारपणात, लग्नात, प्रवासाला निघताना नाना विधी करतात, त्याऐवजी नोकराचाकरांशी नीट वागणे आणि वडीलधाऱ्यांचा मान राखणे हे खरे मंगल, असे म्हटले आहे. जिथे रोज जहाजे सुटत, त्या बंदरात प्रवासाच्या विधींबद्दलचा हा लेख उभा करणारा अधिकारी आपल्या श्रोत्यांना चांगला ओळखत असला पाहिजे.

शिलाहारांच्या काळातही सोपाऱ्याचा दबदबा टिकून होता. अनंतदेवाच्या 1094 च्या ताम्रपटात ठाणे, चेऊल यांच्या बरोबरीने सोपाऱ्याला जकात माफ केल्याचा उल्लेख आहे. अपरादित्य राजाने काश्मीरमधल्या विद्वानांच्या सभेला तेजकंठ नावाचा आपला प्रतिनिधी पाठवला होता. जॉर्डानस नावाचा युरोपी ख्रिस्ती साधू 1321 मध्ये ठाण्यात मारल्या गेलेल्या आपल्या सोबत्यांना पुरायला सोपाऱ्याला आला, तेव्हा हे गाव अजून ख्रिस्ती व्यापाऱ्यांनाही माहीत होते.

आता वस्तीचा प्रश्न. बंदरात व्यापारी येतात-जातात, पण खाजणाचे, म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या जमिनीचे, शेत करणारे कोण? इथे ‘महिकावतीची बखर’ कामाला येते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ती 1924 मध्ये संपादून छापली. तिच्यात प्रतापबिंब नावाचा राजा या किनाऱ्यावर येतो आणि मुलूख उजाड पडलेला पाहून 66 कुळे आणून वसवतो. सोमवंशी, सूर्यवंशी अशा वंशांत या कुळांची विभागणी केली आहे. बखरीतली सनावळी इतिहासकारांनी उलटसुलट तपासली आहे आणि तिच्यावर डोळे झाकून भिस्त ठेवता येत नाही. तरीही तिचे मोल मोठे आहे, कारण वसाहत कशी होते हे सांगताना ती लढायांइतकीच गावांच्या वाटपावर थांबते. ही सगळी माणसे रिकाम्या जमिनीवर आली, असे मात्र कोणी समजू नये. खाडीवर कोळी होते, मिठागरांत आगरी होते, तुंगारेश्वरच्या उतारांवर वारली आणि मल्हार कोळी होते. बखरीला त्यांच्याबद्दल फारसे बोलायचे नाही, एवढेच.

खाजणाचे शेत करणे म्हणजे काय, हे जवळून पाहण्यासारखे आहे. भरतीचे पाणी येते त्या कडेला चिखलाचा बांध घालायचा. बांधाला जिथे ओढा छेदतो तिथे उघाडी ठेवायची. उघाडी म्हणजे लाकडी झडप. भरती आली की पाण्याच्या दाबानेच ती बंद होते आणि ओहोटीला आतले गोडे पाणी तिला ढकलून बाहेर पडते. त्यानंतर पावसाने मीठ धुऊन निघेपर्यंत दोन-तीन वर्षे थांबायचे, मग खारे सोसणारा राता भात पेरायचा. एका माणसाला हे जमत नाही. बांध फुटला तर सगळ्यांचे शेत बुडते, म्हणून दुरुस्तीलाही सगळ्यांनीच यावे लागते. ठाणे किनाऱ्यावर अशा जमिनींच्या धारणेला शिलोत्तर म्हणत, आणि बांध सांभाळणाऱ्याचा तिच्यावर कायमचा हक्क राही. नदीमुखाची खरी वसाहत या चिखलाच्या बांधांवर झाली, हे आजवर पुरेसे मोठ्याने कोणी सांगितलेले नाही.

गोड्या पाण्याचीही सोय अशीच हाताने केलेली. वसईच्या पश्चिम पट्ट्यात वाड्यांच्या कडेला बावखले आहेत. बावखल म्हणजे पावसाचे पाणी साठवणारे तळे. त्याच्या काठाने केळी, सुपारी, पानवेली, अळू लावलेले असते. किनाऱ्यावरच्या वाळूत खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर तरंगत असतो. बावखलात पाणी राहिले की तो थर जाडच राहतो आणि भोवतीच्या विहिरी उन्हाळ्यातही खारट होत नाहीत. त्या विहिरींवर रहाट चालत. राजेळी केळ्यांची सुकेळी आणि वसईची पाने याच पाण्यावर पिकली आणि दूरवर गेली.

पोर्तुगीज आले तेव्हा हा सगळा संसार तयार होता. 23 डिसेंबर 1534 रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख करारावर देऊन टाकला. मुंबईची बेटे त्यातच आली, म्हणजे मुंबई पुढची सव्वाशे वर्षे वसईच्या हाताखाली राहिली. दोन वर्षांनी किल्ल्याचे बांधकाम सुरू झाले. गव्हर्नर नुनो द कुन्हाच्या माणसांनी गावे सरदारांना, त्यांच्या शब्दात फिदाल्गोंना, सालाना ठराविक रकमेवर वाटली. कुणाला एक गाव, कुणाला दहा. बदल्यात त्यांनी घोडा बाळगायचा आणि गरज पडली तर मुलूख राखायचा. गार्सिया द ओर्ता या वैद्याला मुंबईचे बेट असेच मिळाले. फिदाल्गो किल्ल्यात दगडी घरे बांधून राहत आणि खाजणात तेच जुने शेतकरी राबत. वाटप कागदावर झाले. उघाडीची झडप दुरुस्त करायला मात्र कागदाचा मालक कधी आला नाही.

अमेरिकेतल्या सीमेवरच्या नद्यांचा इतिहास वाचताना हेच आठवते. 1785 च्या भूमिअध्यादेशाने ओहायो नदीच्या पलीकडचा मुलूख सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद चौकोनांत कापला, प्रत्येक चौकोनाचे 36 भाग केले आणि विक्रीला काढले. 1788 मध्ये मस्किंगम आणि ओहायो नद्यांच्या संगमावर मॅरिएटा हे गाव वसले. त्या नकाशात शॉनी आणि लेनापी लोकांच्या मक्याच्या शेतांना जागा नव्हती. फरक एवढाच की ओहायोत जुन्या माणसांना हुसकावून लावले आणि वसईत त्यांना जागेवरच ठेवले, कारण त्यांच्यावाचून बांध टिकला नसता. त्यांच्यापैकी अनेकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांच्यातला कुपारी समाज आपली कादोडी बोली आजही बोलतो. वसईतच जन्मलेला गोन्सालो गार्सिया जपानमध्ये 1597 मध्ये क्रुसावर मारला गेला आणि 1862 मध्ये त्याला संतपद मिळाले.

चिमाजी अप्पांच्या सैन्याने 1737 मध्ये मोहीम सुरू केली आणि मे 1739 मध्ये वसई घेतली. सेंट सेबास्टियन बुरुजाखाली सुरुंग लावून तट फोडला गेला आणि दोन्ही बाजूंची असंख्य माणसे मेली. त्या मोहिमेचा नवस म्हणून तानसेच्या काठी वज्रेश्वरीचे मंदिर उभे राहिले. मग शंकराजी केशव यांच्याकडे सरसुभेदारी आली आणि नव्या वस्त्यांची आणखी एक लाट आली. किल्ले, तह आणि झेंडे बदलत राहिले, इंग्रज 1780 मध्ये आले, गेले, पुन्हा आले. खाजणातले काम पावसाळ्याच्या हिशेबानेच चालू राहिले.

सगळे बदलले ते रेल्वेने. मुंबई-सुरत मार्ग 1864 मध्ये पूर्ण झाला, तेव्हा वसईची खाडी आणि वैतरणा या दोन्हींवर पूल पडले. 12 एप्रिल 1867 पासून विरारहून मुंबईसाठी रोजची लोकल धावू लागली. पहिल्या दिवसांत एक गाडी जाण्याची, एक येण्याची. 1936 मध्ये विजेच्या गाड्या विरारपर्यंत पोचल्या. रेल्वे आल्यावर मुंबईने नद्यांचे पाणीही वर चढून घेतले. तानसेचे धरण 1892 चे, वैतरणेवरचे मोडकसागर 1957 चे. नदीमुखाशी राहणाऱ्यांनी मात्र पुढे टँकरच्या रांगा पाहिल्या, हा अन्याय इतका जुना झाला आहे की त्याला अन्याय म्हणायचेही लोक विसरले.

नवी लाट ही इमारतींची. 1988 नंतर हरित पट्ट्यावर बांधकामाचे दार उघडले आणि 1990 मध्ये सिडकोकडे नियोजन आले. भूगर्भातले पाणी टँकरने उपसले जाऊ लागले, विहिरी खारट होऊ लागल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीतून याविरुद्ध लढा उभारला. 3 जुलै 2009 रोजी वसई-विरार महापालिका झाली, चार नगरपरिषदा आणि 53 ग्रामपंचायती तिच्यात विलीन झाल्या. 2011 च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या बारा लाखांच्या वर गेली होती. कोकणातली, उत्तरेतली, गुजरातेतली कुटुंबे परवडणारे घर शोधत आचोळ्यापर्यंत आली. बखरीतली कुळेही अशीच आली होती. आज आलेल्यांना परके म्हणणाऱ्यांनी आपल्या कुळाची गोष्ट एकदा नीट वाचावी.

पण प्रत्येक जुन्या लाटेने आधी पाण्याची वाट ओळखली, मग घर बांधले. गेल्या चाळीस वर्षांत हा क्रम उलटला. उघाड्या बुजल्या, बावखलांत भराव पडले, नाले भिंतींमध्ये कोंडले. तुंगारेश्वरचा पाऊस मात्र जुन्याच वाटेने येतो.

अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे, बुद्धमूर्ती एशियाटिक सोसायटीत आहेत. स्तूप मात्र सोपाऱ्यातच आहे, आचोळ्याच्या माणसाला रिक्षाने सहज जाता येईल असा. तिथे एकदा जावे. आणि आपल्या प्रभागातले बावखल, तलाव, ओढा कुठे आहे, हे गावठाणातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारून घेऊन नगरसेवकापुढे ठेवावे. विकास आराखड्यात त्याची नोंद नसेल, तर ती करून घेण्याचा हक्क नागरिकाला आहे.