इंग्रजी कुणाशी बोलायचं?

जयपूरच्या मालवीय राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे एमएनआयटीत, निम्म्या जागा राजस्थानातल्या मुलांना आणि निम्म्या इतर राज्यांतल्या मुलांना मिळतात. सगळ्या एनआयटींचा तोच नियम आहे. त्यामुळे जेईई देऊन लातूर, नाशिक किंवा नागपूरहून तिथे पोचलेल्या मुलाच्या शेजारच्या खोलीत कुणी तेलुगू असतो, कुणी बिहारी, कुणी शेखावाटीचा. वर्गात इंग्रजी, वसतिगृहात हिंदी आणि घरच्या फोनवर मराठी असा दिवस जातो. मुंबईची हिंदी इथे जपून वापरायची असते, हे थोड्याच दिवसांत कळतं. जयपुरात लहान मुलांनाही ‘आप’ म्हणायची रीत आहे. आपल्या तोंडी सहज बसलेलं ‘तेरेको’ तिथल्या माणसाला समजतं, पण टोचतंही.

अर्थ नीट पोचला आणि तरी माणूस दुखावला, असं का होतं? अभ्यासक्रमांत ‘आंतरसांस्कृतिक संवाद’ असं भारदस्त नाव मिळालेल्या विषयाचा गाभा हा प्रश्न आहे. विद्यापीठात इंग्रजी बोलणं, लिहिणं आणि हा संवाद हल्ली एकाच गाठोड्यात बांधून शिकवतात. त्या गाठोड्यात व्याकरण भरपूर असतं. ऐकणारा आणि वाचणारा माणूस मात्र बऱ्याचदा बाहेरच राहतो.

पास व्हायचं आणि विसरायचं

राजस्थान विद्यापीठ १९४७ साली स्थापन झालं. तिथे पदवीच्या पहिल्या वर्षाला ‘जनरल इंग्लिश’ वर्षानुवर्षं सक्तीचं होतं. उत्तीर्ण व्हावंच लागे, पण त्याचे गुण श्रेणीत धरत नसत. जुन्या शहरातल्या चौडा रास्त्यावरच्या पुस्तकांच्या दुकानांत अशा विषयांसाठी पासबुकं आणि ‘वन वीक सीरीज’ मिळतात, आपल्याकडच्या गाइडचीच ही भावंडं. प्राचार्यांना अर्ज, मित्राला पत्र, ठरलेल्या विषयावर निबंध हे सगळं पाठ करून उतरवता येतं. अशा लेखनाला वाचक एकच, परीक्षक. मजकुरात काय असणार हे त्याला आधीच ठाऊक असतं.

मराठी वाचकाला हे परकं वाटणार नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. वाक्यामागून वाक्य भाषांतर करत त्यांनी वाचन आणि लेखन पक्कं केलं, पण बोलायची वेळ आली की जीभ अडखळायची. महाराष्ट्राने २००० साली पहिलीपासून इंग्रजी आणलं. तरीही ‘सगळं समजतं, पण बोलता येत नाही’ ही तक्रार मुलाखतीला निघालेल्या पदवीधराच्या तोंडी आजही ऐकू येते.

पिलानीची पुस्तकं, कोट्याचा अभ्यासक्रम

तंत्रशिक्षणात या दुखण्यावर इलाज शोधायला सुरुवात झाली, आणि त्यात राजस्थानचा वाटा मोठा आहे. व्यावसायिक पत्रव्यवहार आणि अहवाललेखनावरचं आर. सी. शर्मा आणि कृष्ण मोहन यांचं पुस्तक असो, की मीनाक्षी रामन आणि संगीता शर्मा यांचं ‘टेक्निकल कम्युनिकेशन’, ही देशभर वापरली गेलेली पाठ्यपुस्तकं पिलानीच्या बिट्समध्ये शिकवणाऱ्यांनी लिहिली. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८च्या आदर्श अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाच्या इंग्रजीला आठवड्याला दोन तास वर्ग आणि दोन तास प्रात्यक्षिक दिलं. जयपूरची बरीच खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयं कोट्याच्या राजस्थान तांत्रिक विद्यापीठाला जोडलेली आहेत. त्यांच्याही पहिल्या वर्षाला ‘कम्युनिकेशन स्किल्स’ आणि ‘लँग्वेज लॅब’ असतात.

कागदावर हे उत्तम आहे. पण वर्गात साठ मुलं आणि तास पन्नास मिनिटांचा असेल, तर शिक्षकांनी अवाक्षर न काढताही प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटभरसुद्धा येत नाही. म्हणून प्रात्यक्षिकाचे तास महत्त्वाचे. तिथे हेडफोन लावून स्वतःचा आवाज पुन्हा ऐकता येतो आणि चुकलं तरी कुणी हसत नाही. मात्र लॅबमध्ये सॉफ्टवेअरमागून वाक्यं म्हणणं एवढंच होत असेल, तर पाठांतराचीच जागा बदलली म्हणायची.

भाषा कामातून येते, हे एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत करून पाहिलं. त्यांच्या वर्गात व्याकरणाचे नियम आधी सांगत नसत. रेल्वेचं वेळापत्रक बघून गाडी निवडा, नकाशावरून वाट सांगा, अशी कोडी मुलांना देत. कोडं सोडवायच्या नादात मुलं इंग्रजी वापरत आणि वापरता वापरता शिकत. ‘बंगलोर प्रकल्प’ म्हणून हा प्रयोग जगभरच्या भाषाशिक्षकांना माहीत आहे.

‘ग्रेव्ही’चा सूर

व्याकरण चोख असूनही संवाद कसा फसतो, याचं उत्तम उदाहरण भाषाशास्त्रज्ञ जॉन गम्पर्झ यांनी नोंदवलं आहे. लंडनच्या हीथ्रो विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांच्या उपाहारगृहात भारतीय आणि पाकिस्तानी बायका नव्याने वाढायला लागल्या. त्या उद्धट आहेत, अशी इंग्रज कामगारांची तक्रार होती. तपासाअंती मुख्य अडचण सुरात सापडली. ‘ग्रेव्ही हवी का?’ एवढंच विचारायचं असताना इंग्रज बाई ‘ग्रेव्ही’ हा शब्द शेवटी सूर चढवून म्हणे. या बायका तोच शब्द सूर उतरवून म्हणत. इंग्रज कानाला ते ‘ही ग्रेव्ही, घ्यायची तर घ्या’ असं ऐकू येई. बायकांना वाटे, आपल्याला मुद्दाम त्रास देतात. ध्वनिमुद्रण ऐकवून चर्चा झाली तेव्हा बायकांना आपला सूर कसा पोचतो ते कळलं, आणि त्यांची विचारायची रीतच ती आहे हे वरिष्ठांना कळलं. शिकावं दोघांनाही लागलं.

गम्पर्झ यांनी आणखी एक फरक टिपला. आपल्याकडे आधी पार्श्वभूमी सांगून मग मुद्द्यावर येतात, ब्रिटिश श्रोता मुद्दा आधी शोधतो. विद्यार्थ्यांच्या ईमेलमध्ये हे सहज दिसतं. प्राध्यापकांची प्रकृती, घरची अडचण, परीक्षेचा ताण असं सगळं येऊन गेल्यावर शेवटच्या ओळीत शिफारसपत्राची विनंती येते. भारतीय प्राध्यापकाला यात नम्रता दिसेल, जर्मन प्राध्यापक तिथवर वाचेलच असं नाही. मांडणी दोन्ही ठिकाणची बरोबरच आहे. कुणाला लिहितोय त्यावर क्रम ठरवणं, हे शिकायचं कौशल्य.

नक्कल कुणाची करायची?

स्पोकन इंग्लिशच्या जाहिराती विलायती उच्चारांचं आमिष दाखवतात. पण २०११च्या जनगणनेत इंग्रजी ही मातृभाषा सांगणारे जेमतेम अडीच लाख होते आणि दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून ती बोलणारे जवळपास १३ कोटी. म्हणजे इथे इंग्रजी बोलणाऱ्याच्या समोर बहुतेकदा ती नंतर शिकलेलाच माणूस असतो. जयपूरच्या बॅक ऑफिसांत किंवा रत्नांच्या निर्यात पेढीवर काम करणाऱ्याला आज अमेरिकी आवाज ऐकू येईल, उद्या जपानी. अशा वेळी कामाला येतं ते बेताच्या वेगाने बोलणं, आकडे आणि नावं पुन्हा विचारून पक्की करणं, आणि समजलं नसताना ‘येस’ न म्हणणं.

कामासाठी परकी भाषा शिकण्याची परंपरा जयपूरला आहे, आणि तिच्यात मराठी नावही आहे. सवाई जयसिंगांच्या दरबारातले जगन्नाथ सम्राट हे मूळच्या महाराष्ट्रातल्या वैदिक घराण्यातले. राजाच्या सूचनेवरून ते अरबी आणि फारसी शिकले. युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचं खगोलशास्त्र त्यांनी अरबीतून संस्कृतात आणलं. भाषा कशासाठी हवी आणि तिच्यातून काय आणायचं, हे त्यांच्यापुढे स्पष्ट होतं.

मुलाला महाविद्यालयात घालताना पालक लॅबमध्ये संगणक किती, हे विचारतात. त्याऐवजी वेगळे प्रश्न विचारावेत. सत्रात प्रत्येक मुलगा किती वेळा उभा राहून बोलतो? त्याचं लेखन तपासून, सुधारायला सांगून पुन्हा घेतात का? परप्रांतातल्या, परदेशातल्या माणसाशी खरं काम करायची संधी मिळते का? प्रकल्पाचे गट करताना चार भाषांची मुलं एकत्र घातली, तर या शेवटच्या गोष्टीला पैसाही लागत नाही. एमएनआयटीसारख्या ठिकाणी ती सोय प्रवेशाच्या नियमानेच करून ठेवली आहे. वेळापत्रकात तिला जागा देणं तेवढं बाकी आहे.