मोडी वाचणारा हवा आहे: इतिहास शिकणाऱ्यांना सीमेच्या अलीकडे-पलीकडे काय वाव?

सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि जुन्या दप्तरांतून कुणबी नोंदी शोधण्याचं काम सुरू झालं. जन्ममृत्यूची रजिस्टरं, महसुलाची पत्रकं, शाळांचे दाखले असे गठ्ठे बाहेर निघाले. त्यातले बरेच कागद मोडीत होते. मग तालुक्यातालुक्यात मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. समिती निजामकाळातल्या नोंदींसाठी हैदराबादलाही जाऊन आली. आरक्षणाबद्दल कुणाचं मत काहीही असो, एक गोष्ट त्या वेळी सगळ्यांच्या लक्षात आली. कागद भरपूर आहेत, वाचणारे मोजके आहेत.

आपल्याकडे इतिहासात एम.ए. करतो म्हणणाऱ्या मुला-मुलीला घरात पहिला प्रश्न येतो, "पुढं काय?" प्रश्न चुकीचा नाही. पण बेळगाव, गोवा, इंदूर, बडोदा, हैदराबाद इथल्या मराठी मुलांच्या बाबतीत त्याचं उत्तर पुण्या-मुंबईच्या मुलांपेक्षा थोडं वेगळं आहे, आणि काही ठिकाणी जास्त चांगलं आहे.

मराठ्यांचे कागद महाराष्ट्राबाहेरही आहेत

पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दप्तर सगळ्यांना माहीत असतं. गो. स. सरदेसाई यांनी १९३०च्या दशकात त्यातून निवडक कागद ४५ खंडांत छापले. तिथले कागद कोट्यवधी आहेत, त्यामुळे छापलेला भाग म्हणजे डोंगरातली मूठभर माती.

मराठी कारभार जिथे जिथे गेला, तिथे तिथे कागद राहिले. तंजावरला सरस्वती महाल ग्रंथालयात भोसले राजांच्या काळातले मोडी कागद आहेत. गोव्याच्या अभिलेखागाराची सुरुवात १५९५ची. पोर्तुगीज आणि मराठे यांच्यातला पत्रव्यवहार तिथे आहे. पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्य घालवलं ते याच कागदांवर. बडोद्याला गायकवाडांचं, इंदूरला होळकरांचं, ग्वाल्हेरला शिंद्यांचं राज्य होतं. कोट्यात मराठ्यांचे वकील असलेल्या गुळगुळे घराण्याच्या दप्तराचा अभ्यास करायचा तर मध्य प्रदेशात सीतामऊच्या नटनागर शोध संस्थानाकडे जावं लागतं.

आणि आपला भाग? जमखंडी पटवर्धनांची, रामदुर्ग भाव्यांचं, मुधोळ घोरपड्यांचं. आज ही गावं कर्नाटकात बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांत आहेत, पण संस्थानांचा बराच कारभार मराठीत चालायचा. बेळगाव, धारवाड, विजापूर आणि कारवारचा मुलूख १९५६पर्यंत मुंबई राज्यात होता. म्हणजे एकाच गावाच्या इतिहासाचे कागद मोडी मराठीत, कन्नडात आणि इंग्रजीत सापडतात. ज्याला यातली एकच भाषा येते, त्याला गावाचा इतिहास एक तृतीयांशच कळतो.

सीमाभागातल्या मुलाचं भांडवल हेच. घरी मराठी, बाजारात आणि शाळेत कन्नड, पुस्तकांत इंग्रजी. पुण्याच्या मुलाला कन्नड मुळापासून शिकावं लागतं. हैदराबादच्या मराठी मुलाला उर्दू कानावर असते, आणि तिथल्या अभिलेखागारात मोगल काळातले फारसी कागद आहेत. सेतुमाधवराव पगडी हैदराबाद संस्थानाच्या नोकरीत होते. फारसी साधनं त्यांनी मराठीत आणली ती याच बहुभाषिक तयारीवर.

मोडी किती अवघड?

वाटते तेवढी नाही, पण आठवड्यात येईल अशीही नाही. मोडीत आधी ओळ आखून घेतात आणि हात न उचलता लिहितात. शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. अक्षरओळख काही दिवसांत होते. खरी मेहनत पुढे असते, कारण प्रत्येक कारकुनाचं वळण वेगळं.

त्यानंतर कालगणना. मराठी कागदांवर शुहूर सन अरबी आकड्यांत लिहिलेला असतो, तोही एकक आधी. "सीत खमसैन मया व अलफ" म्हणजे सहा, पन्नास, शंभर आणि हजार, मिळून ११५६. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७५५ येतं. सन मृगाला बदलतो, म्हणून जानेवारीनंतरच्या तारखेला ६०० मिळवायचे. फसली सनाला ५९० किंवा ५९१, शालिवाहन शकाला ७८ किंवा ७९. एवढा हिशेब पाठ झाला की निम्म्या कागदांचं वर्ष जागेवरच लागतं.

शिकायला पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. १९१० साली वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी ते सुरू केलं. तिथे मोडीचे वर्ग होतात. महाराष्ट्राचं पुराभिलेख संचालनालयही वर्ग घेतं. बेळगावकरांना कोल्हापूर जवळ. तिथे शिवाजी विद्यापीठ आहे आणि सरकारी पुराभिलेखागारही आहे. वर्ग कधी सुरू होतो ते फोन करून विचारावं. जाहिरात आपल्यापर्यंत पोचेल याची वाट बघू नये.

नेट, सेट, के-सेट: इथे नीट बघा

प्राध्यापक व्हायचं तर पात्रता परीक्षा लागते, आणि सीमाभागातली मुलं घोटाळतात ती इथेच.

नेट देशभर चालते. वर्षातून दोनदा होते. खुल्या गटाला एम.ए.ला ५५ टक्के लागतात, राखीव गटांना ५०. सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेला वयाची अट नाही, फेलोशिपला आहे. जेआरएफ मिळाली तर २०२३पासून महिना ३७ हजार रुपये मिळतात. २०२४पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशालाही धरले जातात. प्रश्नपत्रिका मात्र इंग्रजी आणि हिंदीतच असते. मराठी माध्यमातून आलेल्यांनी इंग्रजी परिभाषेची तयारी एम.ए.च्या पहिल्या वर्षापासूनच धरावी.

सेट राज्यापुरती असते. १ जून २००२ नंतर झालेली सेट ज्या राज्याची, त्याच राज्यात चालते. पुणे विद्यापीठ घेतं ती सेट महाराष्ट्र आणि गोवा या दोन राज्यांसाठी. बेळगावचा मुलगा ती पास झाला तर कोल्हापूर, सिंधुदुर्ग, पणजीच्या कॉलेजात अर्ज करू शकतो, पण स्वतःच्या गावातल्या कॉलेजात त्याची पात्रता धरली जात नाही. त्यासाठी के-सेट हवी, नाहीतर नेट. के-सेट पास झालेल्याला महाराष्ट्रात तीच अडचण येते. बडोदा, इंदूर, हैदराबाद इथल्यांनाही आपापल्या राज्याच्या सेटबाबत हाच नियम.

कर्नाटकात सरकारी कॉलेजची जागा हवी असेल तर कन्नड लिहिता-वाचता आलंच पाहिजे. ते टाळून चालणार नाही, आणि वर सांगितल्याप्रमाणे इतिहासाच्या अभ्यासाला ते लागतंच.

आता कडू भाग. पात्रता मिळाली म्हणजे नोकरी मिळाली असं नाही. महाराष्ट्रात तासिका तत्त्वावर आणि कर्नाटकात अतिथी उपन्यासक म्हणून वर्षानुवर्षं काम करणारे भरपूर आहेत. मोडी लिप्यंतराचं कामही बहुतेक वेळा पानावर मिळतं, पगारावर नाही. म्हणून दोन्ही हातात असावं, परीक्षाही आणि लिपीही.

पैसा आणि ओळख

दिल्लीची भारतीय इतिहास संशोधन परिषद, म्हणजे आयसीएचआर, १९७२पासून आहे. पीएच.डी. करणाऱ्यांना फेलोशिप, अभिलेखागारात जाण्यासाठी प्रवास-अभ्यास अनुदान आणि ग्रंथ छापायला मदत अशा तिच्या योजना आहेत. तिचं प्रादेशिक केंद्र बेंगळूरला आहे. आपल्याकडून तिकडे अर्ज कमी जातात, त्याचं एक कारण माहिती नसणं हेच.

ओळख होते ती परिषदांत. इंडियन हिस्टरी काँग्रेसचा जन्मच १९३५ साली पुण्याचा, भारत इतिहास संशोधक मंडळातला. सभासद होऊन निबंध वाचता येतो. अखिल महाराष्ट्र इतिहास परिषद आणि कोकण इतिहास परिषद यांत मराठीत निबंध वाचता येतो, नवख्यासाठी हे सोपं. धारवाडला १९१४ साली सुरू झालेलं कर्नाटक इतिहास संशोधन मंडळ आहे. बेळगावहून ते दोन तासांवर आहे, तरी मराठी विद्यार्थी तिकडे सहसा जात नाहीत. जायला हवं. पटवर्धनांवर काम करणाऱ्याला कित्तूरचा इतिहास टाळता येत नाही, आणि कित्तूरवर काम करणाऱ्याला पटवर्धन टाळता येत नाहीत.

अभिलेखागारात पहिल्यांदा जाताना

सोबत ओळखपत्र, फोटो आणि विभागप्रमुखाचं किंवा मार्गदर्शकाचं पत्र असावं. पत्रात विषय आणि काळ स्पष्ट लिहिलेला असावा. "मराठ्यांचा इतिहास" एवढ्यावर कुणी रुमाल काढून देणार नाही. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. आधी यादी बघायची, क्रमांक टिपायचा, मग मागणी करायची. शाईचं पेन आत नेऊ नये, पेन्सिल न्यावी. फोटो काढायचे तर आधी लेखी परवानगी. पहिले दोन-तीन दिवस हाताला काही लागत नाही, तेवढे दिवस गृहीत धरूनच जावं. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे बरेच कागद 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर घरबसल्या बघता येतात, सुरुवात तिथूनही होते.

घरातला ट्रंक उघडण्याआधी

शेवटचा मुद्दा विद्यार्थ्यांपुरता नाही. कुलकर्णी, देशपांडे, पाटील, इनामदार, सावकार अशा घरांत अजून जुने कागद आहेत. वाडा पाडताना ते रद्दीत जातात.

केंद्राच्या २०२५च्या अर्थसंकल्पात एक कोटीहून जास्त हस्तलिखितांच्या नोंदणीसाठी 'ज्ञान भारतम्' मोहीम जाहीर झाली. पण हस्तलिखित म्हणजे प्रामुख्याने ग्रंथ, पोथ्या. राष्ट्रीय हस्तलिखित मिशनच्या व्याख्येत फर्मानं आणि महसुली कागद हस्तलिखितांत बसत नाहीत. म्हणजे आपल्या घरातली सनद, कीर्द, खतावणी, गहाणखत यांच्याकडे कुणी सर्वेक्षण घेऊन येईलच असं नाही.

वास्तविक दीडशे वर्षांपूर्वीच्या बाजारात ज्वारीचा भाव काय, व्याज किती, कर्ज कुणाला, हे कळतं ते खतावणीतूनच. वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या शाळेत शिक्षक होते. पटवर्धनांच्या घराण्यातले कागद वाचून त्यांनी 'ऐतिहासिक लेखसंग्रह' काढला, आणि पेशवाईचा इतिहास लिहिणाऱ्याला तो आजही लागतो. कागद घरात राहिले नसते, तर तो संग्रहही झाला नसता.

म्हणून गठ्ठे सोडू नयेत, क्रम मोडू नये, चिकटपट्टी लावू नये. कोरड्या जागी सुती कापडात ठेवावेत, प्रत्येक पानाचा फोटो काढावा आणि मोडी येणाऱ्या कुणाला तरी दाखवावेत. मूळ कागद द्यायचे झाले तर पोच घेऊनच द्यावेत. आणि गल्लीत एखादी मुलगी इतिहासात एम.ए. करत असेल, तर "पुढं काय?" विचारण्याआधी तो ट्रंक तिला दाखवावा. तिच्या प्रबंधाचा विषय कदाचित त्यातच निघेल.