कुंडीतील ओलाव्याची शिल्लक

बँकेच्या नोकरीत बदली ही काही नवलाची गोष्ट नव्हे. सामान बांधायचे, मुलांच्या शाळेचे दाखले घ्यायचे आणि परक्या गावी पुन्हा नव्याने घर मांडायचे, हे चक्र आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले आहे. आमच्या सामानात कुंड्यांची भर असतेच. पुण्याहून भुवनेश्वरला बदली झाली, तेव्हाही दहा-बारा कुंड्या आणि चार टांगत्या परड्या आमच्याबरोबर ट्रकमधून आल्या. त्यांत सासूबाईंनी फांदी मातीत दाबून, मुळे फुटल्यावर वेगळा करून दिलेला मोगरा होता. सासूबाई आता नाहीत. त्यामुळे त्या मोगऱ्याकडे केवळ एक झाड म्हणून पाहणे आम्हाला जमत नाही.

पहिल्याच मे महिन्यात दहा दिवसांच्या रजेवर गावी जाणे झाले. शेजारणीने मोठ्या आपुलकीने रोज सकाळी न चुकता पाणी घातले. परत येऊन पाहते, तो परड्यांतील नेचे वाळून गेलेले आणि मोगऱ्याची पाने करपलेली! आश्चर्य म्हणजे कुंडीखालच्या बशीत पाणी साचलेले होते. माती उकरली, तर आतला गोळा अगदी कोरडा ठणठणीत. पाणी घालणे आणि माती ओली राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या दिवशी कळले.

पाणी गेले कुठे?

जमिनीतील झाडाची मुळे ओलाव्याच्या शोधात खोल व दूरवर जाऊ शकतात. कुंडीतील झाडाला तशी सोय नाही. मूठभर मातीत जे असेल, तेवढीच त्याची शिल्लक. त्यातच मातीच्या कुंडीच्या भिंती सच्छिद्र असतात. माठातील पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने कुंडीतील ओल बाजूंनीही उडून जाते. प्लॅस्टिकच्या कुंडीत ती अधिक काळ टिकते, परंतु काळ्या रंगाची कुंडी उन्हात फार तापते.

सेंद्रिय खताचे प्रमाण अधिक असलेली माती एकदा पूर्ण वाळली, की आक्रसते आणि पाणी चटकन शोषून घेत नाही. कडेला पडलेल्या फटीतून पाणी थेट तळाशी जाते. आपल्याला वाटते पाणी भरपूर झाले. मुळे मात्र तहानलेलीच राहतात. अशी कुंडी पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवावी आणि बुडबुडे येणे थांबल्यावर बाहेर काढून निथळू द्यावी. आमच्या मोगऱ्यावर हाच उपाय केला. वाळलेल्या फांद्या छाटल्या, कुंडी सावलीत हलवली आणि वाट पाहिली. जूनच्या पावसात त्याला नवी पालवी फुटली. नेचे मात्र गेले ते गेलेच.

माती धरून ठेवील तेवढेच पाणी

बागेतील माती, चांगले कुजलेले खत आणि नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजेच कोकोपीट, हे समभाग घेतल्यास बहुतेक झाडांना मानवते. कोकोपीट स्वतःच्या वजनाच्या अनेक पट पाणी धरून ठेवते. त्यात क्षार असू शकतात, म्हणून वापरण्यापूर्वी ते दोन वेळा धुऊन घ्यावे. कुंडीच्या तळाशी खडीचा जाड थर दिल्याने निचरा वाढतो, असा समज आहे. तो खरा नाही. बारीक मातीतील पाणी खडीत सहजी उतरत नाही, थराच्या वरच अडून राहते, आणि मातीची जागा मात्र कमी होते. छिद्रावर एक खापरी पुरते.

कुंडी काठोकाठ न भरता वर ३ सेंटीमीटर जागा सोडावी, म्हणजे घातलेले पाणी सावकाश मुरते. मातीवर वाळलेल्या पानांचे वा नारळाच्या शेंड्यांचे आच्छादन घालावे. पाणी सकाळी, तळाच्या छिद्रातून वाहीपर्यंत द्यावे. मात्र त्याआधी बोट दोन पेरांपर्यंत मातीत घालून पाहावे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये. सतत चिखल राहिल्यास मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. बशीत साचलेले पाणीही ओतून टाकावे, कारण आठवडा-दहा दिवसांत त्यातून डेंग्यू पसरवणारे डास तयार होऊ शकतात.

टांगत्या परड्यांचे लाड

परडीला चहूबाजूंनी वारा लागतो, त्यामुळे ती सर्वांत आधी वाळते. काथ्याच्या अस्तराच्या आत प्लॅस्टिकचा कागद घालावा आणि त्याला तळाशी चार-पाच छिद्रे पाडावीत. परडी खालून हाताने किंचित उचलून पाहिली, की वजनावरूनच ओलाव्याचा अंदाज येतो. कडक उन्हाळ्यात परड्या उतरवून सावलीत, इतर कुंड्यांच्या घोळक्यात ठेवणे उत्तम.

गावी जाताना

दिव्यातील वात तेल ओढते, त्याच तत्त्वावर सुती दोरी पाणी ओढते. कुंडीपेक्षा थोड्या उंचीवर पाण्याची बादली ठेवावी. भिजवलेल्या दोरीचे एक टोक बादलीच्या तळाशी आणि दुसरे मातीत पुरावे. निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी हा प्रयोग करून पाहावा. मोठ्या कुंडीत न रंगवलेले मातीचे बोळके गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरले आणि वर पणती झाकली, तर माती वाळेल तसे पाणी झिरपत राहते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी कृषिग्रंथात या पद्धतीचे वर्णन आहे. आपल्याकडे संक्रांतीची सुगडे याच कामी येतात.

पुढच्या वर्षी एप्रिलच्या मध्यावर, ओडिशातील नववर्षाच्या म्हणजे पणा संक्रांतीच्या दिवशी, एका सहकाऱ्याच्या घरी जाण्याचा योग आला. अंगणातील तुळशीवर तळाला बारीक छिद्र असलेले मडके टांगले होते आणि त्यातून थेंब थेंब पाणी ठिबकत होते. शिवपिंडीवरच्या अभिषेकपात्राची आठवण झाली. ऐन वैशाखात तुळस तहानलेली राहू नये, ही काळजी तिथे व्रताचाच भाग झाली आहे. एकदम ओतलेल्या तांब्यापेक्षा सावकाश मुरणारा थेंब मुळांना अधिक लाभतो, हे सांगण्यासाठी याहून सोपा धडा कोणता?

त्या मे महिन्यातही आम्ही दहा दिवस गावी गेलो. मोगऱ्याच्या कुंडीत या वेळी दोन सुगडे पुरलेली होती आणि ती तेवढी भरायला शेजारणीला सांगितले होते. परत येऊन दार उघडले, तर गॅलरीतून आधी सुगंधच आत आला.