वेळापत्रकाबाहेरचं कॉलेज

मराठी मुद्रणाचा इतिहास वाचताना मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यापाशी थांबावंच लागतं. टॉमस ग्रॅहम या कारागिराने तिथे मराठी अक्षरांचे नेटके ठसे पाडले. पुढे निर्णयसागर उभारणारे जावजी दादाजी टाइपाचं काम तिथेच शिकले. गणपत कृष्णाजींना स्वतःचा छापखाना काढावासा वाटला तोही इथली छपाई पाहून. एवढं आपल्या पुस्तकांत असतं. पण हे मिशन मुळात कुणाच्या डोक्यातून निघालं ते शोधत मागे गेलं, तर वाट अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या वायव्य कोपऱ्यातल्या एका डोंगरी गावात जाते. तिथे भेटतात ती कॉलेजातली पाच पोरं. ना बिशप, ना व्यापारी.

गावाचं नाव विल्यम्सटाउन, कॉलेजचं विल्यम्स. १७५५ मध्ये फ्रेंचांशी झालेल्या लढाईत एफ्राइम विल्यम्स हा अधिकारी मारला गेला. गावाला आपलं नाव द्यावं आणि तिथे शाळा काढावी, असं तो मृत्युपत्रात लिहून गेला होता. शाळा निघायला १७९१ साल उजाडलं, आणि दोनच वर्षांत तिचं कॉलेज झालं. चहूबाजूंनी डोंगर, त्यात राज्यातला सर्वात उंच माउंट ग्रेलॉक, आणि थंडीत रस्ते बंद. अमेरिकेत अशा छोट्या निवासी कॉलेजांना लिबरल आर्ट्स कॉलेज म्हणतात. तिथे वैद्यकी किंवा वकिलीसारखा एखादा पेशा शिकवत नाहीत. चार वर्षं भाषा, गणित, विज्ञान, इतिहास, चित्रकला असं सगळं शिकायचं, एका विषयात जरा खोल जायचं आणि बाहेर पडायचं. विल्यम्समध्ये आजही जेमतेम २,००० विद्यार्थी आहेत. आपल्याकडच्या तालुक्याच्या कॉलेजातही याहून जास्त असतात.

१८०६ मध्ये कॉलेजची मिळकत म्हणजे ‘वेस्ट’ आणि ‘ईस्ट’ या दोन इमारती आणि शिकवणारी चार माणसं. शिकणं म्हणजे लॅटिन-ग्रीकचे उतारे पाठ करून वर्गात म्हणून दाखवणं. या घोकंपट्टीतून उरलेला वेळ मात्र पोरांचा स्वतःचा होता, आणि तो घालवायला गावात काहीही नव्हतं. त्यांनी फिलोलॉजियन आणि फिलोटेक्निअन अशी दोन वादमंडळं काढली होती, वर्गणी काढून पुस्तकं जमवली होती. मंडळाच्या कपाटात जे मिळे ते कॉलेजच्या ग्रंथालयात मिळेलच असं नव्हतं. आणखी काही जण आठवड्यातून दोनदा मोकळ्यावर जाऊन प्रार्थना करत.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी असे पाच जण मेपलच्या राईत जमले होते : सॅम्युएल मिल्स, जेम्स रिचर्ड्‌स, फ्रान्सिस रॉबिन्स, हार्वी लूमिस आणि बायरम ग्रीन. आभाळ भरून आलं, विजा कडाडू लागल्या, तेव्हा ते कुरणातल्या गवताच्या गंजीच्या आडोशाला जाऊन बसले. गप्पा चालल्या होत्या आशिया खंडाच्या. वर्गात त्याचा भूगोल चालू होता म्हणे. तिथे जाऊन धर्मप्रसार करावा असं मिल्सचं मत. लूमिसला ते पटेना : आधी त्या लोकांत सुधारणा पोचू द्या, मग धर्माचं बघू. बाकीचे मिल्सच्या बाजूने झाले, पाऊस थांबला, मंडळी परतली. त्या सुमारास पुण्याच्या गादीवर दुसरा बाजीराव होता. या पोरांच्या कानावर त्याचं नावही आलेलं असण्याचा संभव कमी. लूमिससकट सगळ्यांनाच आशिया म्हणजे नकाशावरचा एक रंग होता.

अशा गप्पा कुठल्याही होस्टेलात होतात आणि परीक्षा आली की विरतात. इथे तसं झालं नाही, याचं कारण मिल्सची चिकाटी. दोन वर्षांनी, १८०८ च्या सप्टेंबरात, त्याने कॉलेजात एक गुप्त मंडळ काढलं. त्याची घटना सांकेतिक लिपीत लिहिलेली होती, कारण हे बाहेर कळलं तर लोक आपल्याला माथेफिरू ठरवतील अशी धास्ती होती. पुढे यातले काही जण अँडोव्हरच्या धर्मविद्यालयात गेले, मंडळही बरोबर घेऊन गेले. वडीलधाऱ्या पाद्र्यांच्या मागे लागून लागून १८१० मध्ये त्यांनी परदेशी प्रचारासाठी ‘अमेरिकन बोर्ड’ ही संस्था स्थापायला लावली. विशी-पंचविशीतल्या मुलांनी हट्ट धरला आणि चर्चने मान डोलावली, असा हा उलटा प्रकार.

मिल्स स्वतः आपल्याकडे कधीच आला नाही. आफ्रिकेहून परतताना १८१८ मध्ये तो समुद्रावरच वारला. गंजीखालच्या पाचांपैकी आशियात पोचला एकटा रिचर्ड्‌स, तोही सिलोनला. मुंबईला आला तो विल्यम्सचाच १८०८ चा पदवीधर गॉर्डन हॉल. १८१२ मध्ये हॉल आणि बोर्डाचाच दुसरा मिशनरी सॅम्युएल नॉट कलकत्त्याला उतरले, तर कंपनी सरकारने त्यांना चालतं व्हायला सांगितलं. त्याच वर्षी अमेरिका-इंग्लंड युद्ध पेटलं होतं, त्यामुळे अमेरिकन माणूस म्हणजे शत्रूचा माणूस. दोघे १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत आले. गव्हर्नर सर इव्हान नेपिअन माणूस भला होता, पण हुकूम वरून होता. मग अर्जविनंत्या, मध्येच कोचीनकडे निसटण्याचा फसलेला बेत, पुन्हा अर्ज. अखेर त्याच वर्षीच्या नव्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांना दार किलकिलं झालं आणि हे लोक टिकले. नॉट प्रकृतीमुळे लवकरच परतला. हॉल १३ वर्षं राहिला, मराठी शिकला, रस्त्यांवर, देवळांसमोर, बाजारांत बोलत फिरला आणि सहकाऱ्यांबरोबर नव्या कराराचं मराठी भाषांतर केलं. १८२६ च्या मार्चमध्ये नाशिकच्या बाजूला प्रवासात असताना पटकीने गेला.

ज्यासाठी हा खटाटोप होता ते धर्मांतराचं काम म्हणाल, तर हॉलच्या हयातीत जवळपास शून्य. लोक ऐकत, वाद घालत आणि घरी जात. रुजलं ते भलतंच. छापखाना निघाला. शाळा निघाल्या, १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळाही. १८३१ मध्ये नगरला ठाणं झालं. तिथल्या मिस सिंथिया फरार यांच्या मुलींच्या शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिल्या आणि १८४८ मध्ये पुण्यात स्वतःची शाळा काढली. १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ निघाला. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक या मिशनमध्ये आले आणि ‘ज्ञानोदया’त लिहू लागले. फुल्यांच्या शाळेचं श्रेय मॅसॅच्युसेट्सच्या गंजीला द्यावं असं मी म्हणत नाही. ते जोतीरावांचं आणि सावित्रीबाईंचंच. पण त्या साखळीतली एक कडी तिथे होती हे खरं.

गंजीची जागा पुढे विसरली गेली. बायरम ग्रीनने म्हातारपणी, १८५४ मध्ये, आठवणीवरून ती दाखवली, आणि १८६७ मध्ये तिथे संगमरवरी स्तंभ उभा राहिला, डोक्यावर पृथ्वीचा गोल घेऊन. त्या भागाला मिशन पार्क नाव पडलं. १९७१ मध्ये शेजारी एक भलंमोठं होस्टेल बांधलं, त्याचंही नाव तेच. पोरं आता नुसतं ‘मिशन’ म्हणतात. मिशनमध्ये राहतो, मिशनमध्ये जेवतो.

विल्यम्सच्या दंतकथांत यापेक्षाही गाजलेली एक आहे. इथला विद्यार्थी आणि पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला जेम्स गारफिल्ड १८७१ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मेजवानीत बोलला, त्याचा मथितार्थ असा : ओंडक्याच्या एका टोकाला मार्क हॉपकिन्स आणि दुसऱ्या टोकाला विद्यार्थी असला की झालं कॉलेज. हॉपकिन्स १८३६ ते १८७२ इतकी वर्षं कॉलेजचे अध्यक्ष. हे वाक्य अमेरिकेत शिक्षणावरच्या प्रत्येक भाषणात येतं, आपल्याकडे ‘सा विद्या या विमुक्तये’ येतं तसं. फ्रेडरिक रुडॉल्फ या विल्यम्सच्याच इतिहासकाराने १९५६ मध्ये यावर अख्खं पुस्तक लिहून त्या ओंडक्याची साल काढली. हॉपकिन्स शिकवत ते मुख्यतः शेवटच्या वर्षाला. त्याआधीची तीन वर्षं घोकंपट्टीच. कॉलेजला जिवंत ठेवलं ते पोरांच्या मंडळांनी, त्यांच्या ग्रंथालयांनी, खेळांनी आणि उपद्व्यापांनी, असं रुडॉल्फ दाखवून देतात. मला ते पटतं.

त्यांच्या बाजूचा सर्वात भक्कम पुरावा म्हणजे १८३५ चं ‘लायसियम ऑफ नॅचरल हिस्टरी’. अभ्यासक्रमात निसर्गविज्ञान नावापुरतं होतं, म्हणून आठ विद्यार्थ्यांनी स्वतःचं मंडळ काढलं. दगड, पक्षी, वनस्पती जमवल्या, संग्रहालयासाठी इमारत मिळवली आणि मोहिमा काढल्या. १८५७ मध्ये फ्लोरिडा, १८६० मध्ये लॅब्राडोर आणि ग्रीनलंड, १८६७ मध्ये तर इक्वाडोर ओलांडून थेट अ‍ॅमेझॉनचं खोरं. विसाव्या वर्षी, आगगाडीही न पोचलेल्या मुलखांत. विज्ञान अभ्यासक्रमात नीट शिरलं तसं लायसियमचं काम संपत गेलं. मंडळाने धरलेली वाट कॉलेजने आपली केली.

खेळाचं थोडक्यात सांगतो. १८२१ मध्ये विल्यम्सचे अध्यक्ष मूर पंधरा विद्यार्थी घेऊन निघून गेले आणि त्यांनी अ‍ॅमर्स्ट कॉलेज सुरू केलं. विल्यम्स बुडणार असं सगळ्यांनी धरलं, तेव्हा जुन्या विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन माजी विद्यार्थी संघ काढला. जगातला असा सर्वात जुना संघ तोच. त्या अ‍ॅमर्स्टशी १ जुलै १८५९ रोजी पिट्सफील्डला अमेरिकेतला पहिला आंतरमहाविद्यालयीन बेसबॉल सामना झाला. अ‍ॅमर्स्टने विल्यम्सला ७३-३२ असं धुतलं. लगोलग बुद्धिबळ झालं, तेही अ‍ॅमर्स्टनेच जिंकलं. भाऊबंदकी अजून चालू आहे.

आता पोरांच्या हाती वेळ आणि मोकळीक दिली की त्यातून नेहमी लायसियमच निघतो असं नाही. १८३३ मध्ये विल्यम्समध्ये पहिली फ्रॅटर्निटी आली. म्हणजे मोजक्या मुलांचा बंद कळप : स्वतःचं घर, स्वतःचा स्वयंपाक, स्वतःच्या शपथा. लगेच दुसऱ्या वर्षी तीस मुलांनी त्याविरुद्ध मंडळ काढलं, गुप्ततेला आणि गटबाजीला विरोध म्हणून. गंमत पाहा, ते मंडळही पुढे ‘डेल्टा अप्सिलॉन’ नावाची फ्रॅटर्निटीच झालं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कॉलेजचं राहणं, जेवणं, पार्ट्या, सगळं या घरांच्या ताब्यात गेलं. कुणाला घ्यायचं हे पोरं ठरवत. ज्यू मुलगा, काळा मुलगा, किंवा नुसताच बुजरा मुलगा दाराबाहेर राहिला तर त्याला एवढ्याशा गावात जायला दुसरी जागा नसे. मोठ्या विद्यापीठात माणूस गर्दीत हरवून तरी जातो. इथे नाकारलेला मुलगा रोज सगळ्यांना दिसतो.

हे मोडायची सुरुवातही विद्यार्थ्यांच्या अर्जाने झाली, १९६१ मध्ये. नवे अध्यक्ष जॉन सॉयर यांनी समिती नेमली, आणि १९६२ मध्ये अँजिव्हाइन समितीच्या अहवालानुसार विश्वस्तांनी राहण्या-जेवण्याची जबाबदारी फ्रॅटर्निट्यांकडून काढून कॉलेजकडे घेतली. माजी विद्यार्थ्यांनी आरडाओरडा केला, देणग्या बंद करायच्या धमक्या दिल्या. सॉयर हलले नाहीत. काही वर्षांत घरं कॉलेजच्या ताब्यात आली, तिथे होस्टेलं आणि कचेऱ्या झाल्या. १९६९ च्या एप्रिलमध्ये काळ्या विद्यार्थ्यांनी हॉपकिन्स हॉल ही प्रशासनाची इमारत ताब्यात घेऊन अभ्यासक्रमापासून प्रवेशापर्यंत मागण्या मांडल्या. काही दिवसांत तडजोड झाली. पाठोपाठ मुलींना प्रवेश मिळू लागला. आठ-दहा वर्षांत कॉलेज ओळखू येईना.

आज फ्रॅटर्निटीच्या जागी ‘एन्ट्री’ आहे. पहिल्या वर्षाच्या वीसेक मुलामुलींचा एक गट, त्यांच्याबरोबर एकाच इमारतीत राहणारे तिसऱ्या वर्षाचे दोघे. त्यांना ‘जेए’ म्हणतात. ते पोलीस नव्हेत, वॉर्डन नव्हेत. रात्री दोनला दार ठोठावलं तर उघडणारे ताई-दादा. त्यांची निवड विद्यार्थीच करतात. मुख्य म्हणजे एन्ट्रीत कोण पडणार हे नवीन मुलगा ठरवत नाही आणि त्याला कुणी नाकारतही नाही.

वर्गातही थोडी ओंडक्याची आठवण आहे. १९८८ पासून इथे ट्युटोरियल चालतं : दोन विद्यार्थी, एक शिक्षक, आठवड्याला एक तास. एकाने पाच-सात पानी निबंध लिहून आणायचा, दुसऱ्याने तो फाडायचा, पुढच्या आठवड्यात उलट. शिक्षकाने शक्यतो गप्प बसायचं. आणि जानेवारी वेगळा. १९६७ पासून त्या महिन्यात एकच विषय घ्यायचा असतो, हवं तर स्वतः आखलेला. गुणांच्या जागी नुसते शेरे. त्यात ‘वरवर पास’ अशा अर्थाचाही एक आहे, आपल्या ‘काठावर’च्या जवळचा. याच महिन्यात विद्यार्थी एकमेकांना वाटेल ते शिकवायचे वर्ग चालवतात. सत्र संपताना रात्रभराची प्रश्नमंजूषा असते, १९६६ पासून, कॉलेजच्या रेडिओवर; मध्यरात्री सुरू, सकाळी आठला बंद. जिंकणाऱ्याला बक्षीस काय, तर पुढची मंजूषा त्याने भरवायची. ऑक्टोबरच्या पहिल्या तीनपैकी एका शुक्रवारी सकाळी अवचित घंटा वाजतात : आज तास नाहीत, सगळ्यांनी डोंगरावर. त्याला माउंटन डे म्हणतात. वर गाणी आणि सफरचंदाच्या रसातले डोनट. कोणता शुक्रवार ते आधी सांगत नाहीत, म्हणून तिन्ही गुरुवारी गृहपाठ जरा सैलच होतो.

एवढी मोकळीक फुकट येत नाही. विल्यम्सकडे तीन अब्ज डॉलरहून मोठा निधी आहे. दोन हजार मुलांसाठी. एका ट्युटोरियलला शिक्षकाचे आठवड्याला पाच तास पाच जोड्यांसाठी जातात. आपल्याकडे तेवढ्या वेळात शेसव्वाशे जणांचे पाच वर्ग उरकतात. हे सगळं पाहून हळहळणाऱ्याने हा हिशेब आधी मांडावा. विल्यम्समध्येही ही मोकळीक प्रत्येकाच्या वाट्याला सारखी येत नव्हती. गारफिल्ड शिकायला होता तेव्हा थंडीच्या सुट्टीत शेजारच्या व्हरमाँटमधल्या पाउनल गावी सुलेखनाचे वर्ग घेऊन फीचे पैसे जमवायचा, आणि पुढे दीडशे वर्षं गरीब घरच्या मुलाला कर्जाबरोबर कॉलेजातलं काम हे ओघानेच आलं. दुपारी पोहायला कोण जातो आणि भोजनगृहात ताटं कोण उचलतो, यावरून ऐपत कळायची. २०२२ पासून कॉलेजने गरजूंच्या मदतीतून कर्ज आणि कामाची अट दोन्ही काढून टाकली. मदत मिळते ती सगळी अनुदान म्हणून. काम करायला बंदी नाही. ज्याला करायचं तो करतो, फक्त त्याची मजुरी आता फीत वळती होत नाही, त्याच्याच खिशात राहते.