जुन्या चौकटीचें खुंटाळें

खेडेगांवांतील घराचा साधा थाट शहरांतील दिवाणखान्यांत आणावा, अशी हौस अलीकडे सुशिक्षित कुटुंबांत बरीच दिसूं लागली आहे. ओबडधोबड फळ्यांची मांडणी, जाड तुळईचें बांक, खुंट्या बसविलेली फळी अशा वस्तु दुकानांत मोठ्या किंमतीस मिळतात. हौस वाईट नाहीं. परंतु त्यांपैकीं पुष्कळ वस्तु नव्या लांकडाच्या असून त्यांस साखळीनें ठोकून, तारेच्या ब्रशानें ओरबाडून व लोखंडाचा कीस भिजविलेल्या व्हिनेगरनें काळवंडून मुद्दाम म्हातारपण आणलेलें असतें. ज्यांच्या गांवीं खरेंच जुनें लांकूड पडून आहे, त्यांनीं हें सोंग विकत कां घ्यावें? घरच्या लांकडाची वस्तु घरींच करतां येते. या कामांतील माझा थोडासा अनुभव आणि माझ्या हातून झालेली एक चूक वाचकांपुढें मांडतों.

राजापूर तालुक्यांतील आमचें घर वाटण्या झाल्यावर पांच वर्षांपूर्वीं उतरविलें. वासे, रिपा, तुळया एका व्यापाऱ्यानें घाऊक घेतल्या. माझ्या विनंतीवरून वडील बंधूंनीं माजघराच्या दाराची सागवानी चौकट तेवढी बाजूस काढून ठेविली. शाळेंतून निवृत्त झाल्यापासून सुतारकाम हाच माझा विरंगुळा आहे. मी मोठ्या उत्साहानें ती चौकट पुण्यास आणली.

प्रथम लांकडाची पारख करावी. सहाव्या शतकांतील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त शय्या व आसनें यांविषयीं एक स्वतंत्र अध्याय आहे. शाक म्हणजे साग व शिंशपा म्हणजे शिसव हे वृक्ष त्यांत ग्राह्य सांगितले असून वीज, पाणी, वारा किंवा हत्ती यांनीं पाडलेलीं झाडें वर्ज्य मानलीं आहेत. शकुनाचा भाग सोडून दिला, तरी लांकूड घेण्यापूर्वीं त्याचा पूर्ववृत्तान्त विचारावा, हा बोध आजहि घेण्यासारखा आहे. सागाचा गाभा वाळवीस सहसा दाद देत नाहीं; परंतु सालीलगतचा फिकट भाग किडीस लौकर बळी पडतो. बारीक छिद्रांतून ताजा, पिठासारखा भुसा गळत असेल, तर कीड जिवंत आहे असें समजावें व तो तुकडा घरांत आणूं नये.

नंतर खिळे काढावे. मागील बाजूनें ठोकून खिळ्याचें डोकें वर आणावें आणि मग पक्कडीनें ओढावें. आंत तुटून राहिलेला खिळा करवतीचे दांते मोडतो. फळीवरून लोहचुंबक फिरविल्यास तो सांपडतो.

जुना तैलरंग असेल तर विशेष सावध असावें. घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दहा लक्ष भागांत ९० भागांपेक्षां अधिक असूं नये, असा नियम आपल्याकडे २०१६ सालीं झाला व २०१७ पासून अंमलांत आला. त्यापूर्वींच्या रंगांत शिसें असण्याचा संभव असतो. असा रंग कोरडा घासून त्याची धूळ उडवूं नये. घरांत लहान मुलें असल्यास रंगविलेली फळी न घेणेंच बरें.

आतां माझी चूक. चौकट काजळीनें व पिढ्यानुपिढ्यांच्या तेलकट हातांनीं काळी झाली होती. तिचा एक उभा खांब मीं ओट्यावर घेतला आणि रंधा लावला. सागांत वाळूसारखे सूक्ष्म कण असल्यामुळें पातें लौकर बोथट होतें. मीं तीनदां पातें घासलें, पण काम सोडलें नाहीं. सायंकाळपर्यंत खांब नव्यासारखा सोनेरी निघाला.

दिवाळींत बंधु आले. त्यांनीं खांबावरून हात फिरविला व म्हणाले, “अरे, काम सुरेख झालें आहे. पण ताईच्या खुणा कोठें आहेत?”

आमचे वडील दर पाडव्यास आम्हां भावंडांना त्या चौकटीशीं उभें करून डोक्याच्या उंचीवर पटाशीच्या टोंकानें रेघ ओढीत. ताई सर्वांत मोठी. नवव्या वर्षीं ती तापानें गेली. तिच्या रेघा तेथेंच थांबल्या. तिचें छायाचित्र आमच्या घरीं नाहीं. त्या रेघा मला ठाऊक नव्हत्या असें नाहीं. त्या काजळीखालीं दडल्या होत्या, आणि स्वच्छतेच्या घाईंत मीं पाहिलें नाहीं. बंधु एक शब्दहि रागानें बोलले नाहींत; त्यामुळेंच मला अधिक लागलें.

दुसऱ्या खांबाचें खुंटाळें केलें, तें मात्र धिमेपणानें. वखारींत नेऊन, जुना पृष्ठभाग दर्शनी राहील अशा बेतानें, त्यांतून तीन फूट लांब व दीड इंच जाड फळी चिरून घेतली. तो पृष्ठभाग कोरड्या ब्रशानें झाडून रिठ्याच्या पाण्यांत पिळलेल्या फडक्यानें पुसला आणि फळी तीन आठवडे सावलींत वाळविली. रंधा फक्त मागील बाजूस लावला. काचकागद हातास कूस लागेल तेवढ्याच ठिकाणीं. बिजागरीची खांच तशीच ठेविली. दोन्ही टोंकांस चार चार इंच सोडून सात सात इंचांवर पांच भोंकें पाडलीं. तीं किंचित् वर कललेलीं असावींत, म्हणजे अडकविलेला कपडा घसरत नाहीं. खुंट्या चांगल्या वाळलेल्या लांकडाच्या कराव्या; ओल्या लांकडाची खुंटी पुढें आकसून ढिली होते. शेवटीं अळशीच्या तेलाचा पातळ हात दिला. या तेलाचीं फडकीं चुरगाळून ठेवल्यास आपोआप तापून पेट घेतात. तीं उघड्यावर पसरून वाळवावीं किंवा पाण्यांत बुडवून ठेवावीं.

पुढच्या दिवाळींत बंधूंनीं आल्याबरोबर आपलें उपरणें त्या खुंटीस अडकविलें. मग खांचेवर बोट ठेवून म्हणाले, “दार लावतांना येथेंच करकरत असे.” रंधलेला खांब अद्यापि कोपऱ्यांत उभा आहे. त्याचें कांहीं करण्यास माझा हात धजत नाहीं.

साखळीनें ठोकून पाडलेल्या खुणा आणि वापरानें पडलेल्या खुणा दुरून सारख्याच दिसतात. परंतु पहिल्या हव्या तितक्या पाडतां येतात, दुसऱ्या एकदां गेल्या कीं गेल्या. म्हणून जुन्या लांकडास हत्यार लावण्यापूर्वीं तें तिरप्या उजेडांत धरून नीट पाहावें आणि घरांतील सर्वांत वडील माणसास बोलावून एकदां दाखवावें. या कामास पैसा लागत नाहीं, आणि वेळ लागलाच तर घटकाभर.