मंचीय ध्वनी-प्रकाशाची परिभाषा : एकार्थतेची कसोटी

पारिभाषिक संज्ञेचे प्रमुख लक्षण एकार्थता होय. संगीत मैफलीच्या मंचावरील शब्द या कसोटीवर तपासून पाहू.

निवडणूक काळातील आदेशांत ‘ध्वनिक्षेपक’ म्हणजे स्पीकर. वृत्तपत्रात मात्र वक्ता ‘ध्वनिक्षेपक हाती घेतो’, तेव्हा तो माइक असतो. वस्तुतः या दोहोंचे कार्य परस्परविरुद्ध आहे. माइक ध्वनीचे विद्युत् संकेतांत रूपांतर करतो. स्पीकर त्या संकेतांचे पुन्हा ध्वनीत.

गायकाकडे तोंड करून ठेवलेला, त्याला स्वतःचा स्वर ऐकवणारा स्पीकर म्हणजे ‘मॉनिटर’. त्याचा आवाज माइकमध्ये शिरून पुनःपुन्हा वाढत गेला, की कर्कश शिट्टी उमटते. तिला ‘फीडबॅक’ म्हणतात. अशा वेळी ‘ध्वनिक्षेपक कमी करा’ अशी सूचना आली, तर मिक्सरवर बसलेल्या तंत्रज्ञाने माइक कमी करावा की मॉनिटर?

प्रकाशयोजनेतही ‘प्रकाशझोत’ हा शब्द कधी किरणांसाठी, तर कधी दिव्यासाठी येतो. ‘स्पॉट’ म्हटले, की दिवा निश्चित होतो. ‘डिमर’ म्हटले, की त्याची तीव्रता कमी-अधिक करणारे उपकरण.

म्हणून संज्ञा नेमकी कोणती वस्तू दर्शवते, हे आधी पाहावे. ती देशी की परकी, हा त्यानंतरचा प्रश्न. आपल्या परिसरातील मंडप-ध्वनी व्यावसायिकांचे दहा शब्द नोंदवून त्यांना ही कसोटी लावून पाहा.